नऊ जणींच्या नऊ खुणा

सरांनी मिठाची बाटली पहिल्या बेसवर ठेवली, साखरेचा डबा दुसऱ्यावर आणि चहाची गाळणी तिसऱ्यावर. मग खुर्ची मागे सरकवून त्यांनी एक डोळा बारीक केला, जेवणाच्या टेबलावरच्या या मैदानाकडे बराच वेळ पाहिलं आणि आपल्या संघात कुणीतरी फितूर आहे, असं जाहीर केलं.

"आधी गाळणी द्या," बायको म्हणाली. "चहा आटत चाललाय."

सरांनी गाळणी दिली, पण तिच्या जागी चमचा ठेवून मगच. तिसरा बेस रिकामा सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

सर म्हणजे कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक. ते या पदावर आले तेव्हा डोक्यावर भरपूर केस होते; आता टोपी ही त्यांची गरज झाली होती. या खेळात प्रशिक्षक तिसऱ्या बेसजवळ उभा राहतो आणि तोंडातून अवाक्षर न काढता नुसत्या हातांनी आपल्या मुलींना काय करायचं ते सांगतो. कान धरला तर बंट, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढ्यात टेकवायचा. टोपीला हात लावला तर बेसवरच्या मुलीने पुढच्या बेसकडे धूम ठोकायची. मधूनमधून उगाच नाक, कोपर, खांदा असं काहीबाही चोळत राहायचं, म्हणजे समोरच्यांना पत्ता लागत नाही. सरांना जिंकलेल्या करंडकांपेक्षा या खुणांचा अभिमान जास्त होता.

आणि नेमक्या त्याच फुटल्या होत्या. या हंगामात लागोपाठ तीन मॅच हातच्या गेल्या. सरांनी बंटची खूण केली रे केली, की समोरच्या मुली चेंडू सुटायच्या आधीच पुढे सरकत. पळायची खूण केली की पुढच्या बेसवर स्वागताला कुणीतरी हजर. तिसऱ्या पराभवानंतर प्राचार्यबाईंनी सरांना बोलावलं, बसायला सांगितलं आणि चहा मागवला. इतक्या वर्षांत त्यांनी चहा कधी मागवला नव्हता. सरांच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. संघाला नव्या दृष्टीच्या माणसाची गरज आहे का, यावर विचार चालू आहे, असं बाई गोड आवाजात म्हणाल्या. शनिवारी शेजारच्या कॉलेजबरोबर मॅच आहे, ती बघू आणि मग ठरवू. सर तो चहा न पिताच परतले. मैदान सुटलं तर सकाळी उठून जायचं कुठे, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

तेव्हा फितूर शोधणं भाग होतं. पहिला संशय सहायक प्रशिक्षिकेवर. ती सरांच्याच हाताखाली खेळून तयार झालेली. मुली तिला ताई म्हणत. बोलायची मोजकं, आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय शिजतंय हे कुणी सांगावं? शिवाय मध्यंतरी ती सहज म्हणाली होती, की सर, खुणा करताना जरा ताठ उभे राहाल का. म्हणजे आपण वाकलो, म्हातारे झालो, असं तिला सुचवायचं होतं, हे सरांनी तेव्हाच ताडलं होतं. दुसरा संशय मेहुण्यावर, कारण तो नेमका शेजारच्याच कॉलेजात कारकून होता.

"माझ्या भावाला सॉफ्टबॉलमध्ये बॉल असतो एवढंच माहीत आहे," बायको चहा गाळत म्हणाली.

"असं तो दाखवतो," सर म्हणाले.

तिसरा संशय उरलेल्या सगळ्यांवर होता. चहा संपेपर्यंत सरांच्या डोक्यात सापळा तयार झाला. संघात नऊ मुली. प्रत्येकीला वेगळ्या खुणा द्यायच्या, गुपचूप. जिच्या वेळी समोरचे हुशार होतील तीच फितूर. इतकी साधी गोष्ट आजवर कुठल्याच प्रशिक्षकाला सुचली नाही, याचं सरांना नवल वाटलं. ती का सुचली नसेल, हा विचार मात्र त्यांनी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी ते मैदानाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले आणि त्यांनी एकेकीला बोलावून घेतलं. सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत चपळ अशी मुंगी, तिच्यासाठी नाक चोळलं की पळायचं. चेंडू पार कुंपणाबाहेर भिरकावणारी लांबोडी, तिच्यासाठी नाक चोळलं की बंट. तिसरीला नाक म्हणजे काहीच नाही, पण कोपर म्हणजे सर्व काही. प्रत्येकीला सरांनी शेवटी एकच वाक्य सांगितलं, की हे फक्त तुलाच सांगतोय, ताईलाही कळता कामा नये. प्रत्येक मुलगी मान ताठ करून परत गेली आणि बाकीच्यांकडे जरा वरून पाहू लागली.

आता नऊ जणींच्या नऊ खुणा सरांच्या स्वतःच्या लक्षात राहायला हव्या होत्या. तो सराव घरी स्वयंपाकघरात चालला. बायको भाजी चिरायची आणि सर फ्रिजपाशी उभे राहून खांदा झटकायचे.

"मी आत्ता कोण आहे?" बायको विचारायची.

"मुंगी."

"मग मला परत बोलावताय. पण लांबोडी असते तर आधीची खूण रद्द म्हणून सांगताय."

आठवडा संपेस्तोवर बायकोला सगळ्या खुणा तोंडपाठ झाल्या. सरांचा तिघींच्या बाबतीत अजून घोळ होत होता, पण मॅचच्या वेळी जमून जाईल असं त्यांना वाटलं.

शनिवारी प्राचार्यबाई काळा चष्मा लावून अगदी पुढच्या खुर्चीत बसल्या. मागे पायऱ्यांवर सरांची बायको आली होती आणि तिच्या शेजारी मेहुणा. त्याला सुट्टी होती म्हणून आला, असं कारण सांगण्यात आलं. सरांनी ते ऐकून घेतलं आणि मनात ठेवलं.

सुरुवात झकास झाली. मुंगी पहिल्या बेसवर पोचली आणि लांबोडी बॅट घेऊन उभी राहिली. मुंगीला दुसऱ्या बेसवर पळवावं असं सरांच्या मनात आलं. त्यांनी नाक चोळलं. बोट अजून नाकावरच होतं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला नाक एकच आहे आणि मुली दोघी बघतायत. मुंगी पळाली. लांबोडीने आयुष्यात कधी न केलेला बंट केला आणि तीही पहिल्या बेसकडे धावत सुटली. लांबोडीला बंटचं विसर म्हणून सांगावं या विचाराने सरांनी घाईघाईत खांदा झटकला. लांबोडी पाठ करून धावत होती, तिने काही तो पाहिला नाही. मुंगीने पाहिला आणि ती अर्ध्या वाटेतून आज्ञाधारकपणे मागे फिरली. अखेर दोघी एकाच बेसवर उभ्या राहिल्या आणि एकमेकींना जागा करून देऊ लागल्या. अंपायरने बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि मग एकीला बाद दिलं.

त्यानंतर सरांनी नवी युक्ती काढली. बेसवरच्या मुलीला खूण करायची असली की ते बॅटवालीला ओरडून सांगत, "तू तिकडे बघ." ती तिकडे बघे आणि चेंडू इकडून निघून जाई. एकदा तर त्यांच्या हातावर खरोखरच माशी बसली, ती त्यांनी हाकलली आणि दोन मुली धावत सुटल्या. प्राचार्यबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

गंमत अशी, की धावफलक या सगळ्यात बरोबरीत चालला होता. सरांना बंट हवा असला की समोरच्या मुली झटकन पुढे येत. पण आपली मुलगी भलतीच खूण वाचून बॅट फिरवी आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून जाई. सरांचं मात्र धावफलकाकडे लक्षच नव्हतं. ते फितूर शोधत होते. मुंगीच्या वेळी समोरच्यांना कळलं होतं. लांबोडीच्या वेळीही कळलं. तिसरीच्या, चौथीच्या, सगळ्यांच्याच वेळी कळलं. पण प्रत्येकीला तर फक्त स्वतःचीच खूण माहीत. नऊच्या नऊ खुणा माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो तिसऱ्या बेसजवळ टोपी घालून उभा होता. सरांनी स्वतःवर क्षणभर मनापासून संशय घेतला. आपण झोपेत बडबडतो की काय? मग त्यांना आठवलं, की नऊच्या नऊ तोंडपाठ असलेलं आणखीही एक माणूस आहे. ते सावकाश मागे वळले. पायऱ्यांवर त्यांची बायको आपल्या भावाला पाण्याची बाटली देत होती.

सरांनी ताईला बोलावलं आणि काकूंच्या मागे जाऊन बस, काय बोलतायत ते कान देऊन ऐक, असं हळूच सांगितलं. ताईला काहीतरी बोलायचं होतं, पण सरांचा चेहरा बघून ती गेली. परत यायला तिने चांगलाच वेळ लावला, आणि आली तीही मुलींच्या बाकड्यावरून फिरून.

"काय बोलत होते?"

"मॅच कधी संपेल ते काकू विचारत होत्या. त्यांचे भाऊ झोपलेत."

"नाटक असेल."

ताईने एक श्वास घेतला. "सर, रागावू नका. कुणी फितूर नाहीये. तुम्हाला बंट हवा असला की तुमचे गुडघे वाकतात. मुलीने पळावं असं वाटलं की टाचा उचलल्या जातात. हात काहीही करत असू देत."

"कुणी पाहिलंय हे?"

"सगळ्यांनी. मी खेळायचे तेव्हापासून. आपल्यातल्या कुणी तुमच्या हातांकडे कधी बघितलंच नाही, सर. यंदा ते समोरच्यांनाही कळलं."

"मग आज या असा गोंधळ का घालतायत?"

"आज पहिल्यांदाच हातांकडे बघतायत. प्रत्येकीला वाटतंय, सरांनी एवढा विश्वास फक्त माझ्यावर टाकलाय."

इतकी वर्षं चोळलेलं नाक, ओढलेले कान, झटकलेले खांदे, सगळं फुकट गेलं होतं. त्यांना भयंकर लाज वाटली. "मला सांगायचं नाहीस?" त्यांनी विचारलं. सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, असं ताई म्हणाली, आणि ते खरंच होतं, कारण आत्ताही त्यांना फार वाईट वाटत होतं.

शेवटची इनिंग आली. बरोबरी तशीच होती. मुंगी तिसऱ्या बेसवर, म्हणजे जिथे पोचलं की धाव मिळते त्या 'घरा'पासून एकाच टप्प्यावर, आणि बॅट लांबोडीच्या हातात. सरांनी ताठ उभं राहून बघितलं, तर टाचा आपोआप वर गेल्या. त्या दाबल्या तर गुडघे वाकले. प्राचार्यबाई पुढे सरसावून बसल्या होत्या.

"राहू द्या, सर," ताई त्यांच्याजवळ येऊन म्हणाली. "मी मुलींना सांगितलंय, नेहमीसारखं बघा म्हणून. तुम्ही बंट द्या. समोरचे पुढे आले तरी मुंगी पोचेल."

सरांनी तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. दुसरी कुठली वेळ असती तर त्यांनी निदान दोन उलटे प्रश्न विचारले असते. पण आज संशय घ्यायला कुणीच उरलं नव्हतं, आणि ते थकले होते.

"बरं," ते म्हणाले. "बंट."

आणि त्यांनी तो बंट अगदी जिवापाड मागितला. गुडघे इतके वाकले की सर जवळजवळ बसलेच. समोरच्या संघाने ते पाहिलं आणि त्यांच्या मुली धावत थेट लांबोडीच्या पुढ्यात येऊन ठाकल्या. लांबोडीने बॅट सगळ्या ताकदीनिशी फिरवली. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून जाऊन जिथे कुणीच नव्हतं तिथे पडला आणि मुंगी चालत चालत घरी आली.

एकच गलका झाला. प्राचार्यबाई स्वतः मैदानात आल्या. बंटची हूल देऊन सगळ्यांना पुढे ओढायचं आणि मागे मारायचं, अशी चाल आपण कधी पाहिली नाही, असं त्या म्हणाल्या, आणि ही कल्पना कुणाची म्हणून त्यांनी विचारलं. सरांनी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "सरांचीच." नव्या दृष्टीचा विषय संपला, सोमवारी येऊन पुढच्या कराराचं बघून घ्या, असं सांगून बाई गेल्या.

सरांच्या छातीवरचा दगड उतरला खरा, पण डोळा पुन्हा बारीक झाला. त्यांनी लांबोडीला हाक मारली. "मी तुला बंट दिला होता."

लांबोडीने ताईकडे पाहिलं. मुंगी बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

"सर वाकले की जोरात मारायचं, असं मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं," ताई म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वाकलाच नसता."

"हे तुझ्या डोक्यातलं नाही. कुणी सुचवलं?"

"मी," मागून आवाज आला. बायको पायऱ्या उतरून आली होती. "तुम्हीच तिला माझ्या मागे बसवलंत, मग आम्ही बोलत बसलो. मी म्हटलं, यांना सोंग जमायचं नाही. यांना खरंच बंट हवाय असं वाटू दे."

"म्हणजे तुम्ही सगळ्यांनी मिळून माझ्या पाठीमागे कट केलात."

"हो," बायको म्हणाली.

"या मुलींनीही?"

नऊ माना हलल्या.

सर बाकड्यावर बसले. इतके दिवस सगळे त्यांना वेड्यात काढत होते, आणि आज सहायक, संघ आणि घरची बायको असे सगळेच्या सगळे सामील निघाले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जे करार कायम राहूनही आलं नव्हतं.

"मी म्हणत नव्हतो?" ते म्हणाले.

सरांनी टोपी काढली, आजूबाजूला कुणी परकं ऐकत नाही ना हे बघून घेतलं आणि ताईला जवळ बोलावलं.

"पुढच्या मॅचलाही करा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "फक्त मला कळू देऊ नका."