चुकीच्या दाराने आलेल्या मंदावहिनी

मंदावहिनींची आणि माझी पहिली भेट माझ्याच स्वयंपाकघरात झाली. मी मागच्या दारी कपडे वाळत घालून आत आले, तर एक अनोळखी बाई माझ्या स्टोव्हवर, माझ्या पातेल्यात तांदूळ वैरत होती. मला बघून ती दचकली आणि म्हणाली, "तुम्ही कोण? आमच्याकडे काय करताय?"

मी बोलण्यात पहिल्यापासून मागे. त्या दिवशी तर "मी इथलीच" एवढंच कसंबसं म्हटलं. बाईंनी माझ्या कॅलेंडरकडे पाहिलं, देवांच्या फळीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अगो बाय माझे! हे आमचं नव्हेच!"

आता काय करावं ते मला सुचेना. म्हणून मी दुसरा स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला. बाई चहा प्यायल्या, दोन वेळा हसल्या आणि "आलेच!" म्हणून गेल्या त्या गेल्याच. तो भात आम्ही दोघा नवरा-बायकोने खाल्ला. चांगला मोकळा झाला होता.

दोष त्यांच्या एकटीचा नव्हता. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आमचे हे वीजप्रकल्पावर फिटर होते. लग्न झाल्यावर मी रत्नागिरीच्या मांडवीहून थेट अलोऱ्याच्या वसाहतीत आले. तिथली क्वार्टर्स म्हणजे एका साच्यातून काढलेली. तेच सिमेंटचे पत्रे, तेच हिरवं दार, त्याच दोन खोल्या, मागे तीच मोरी. वहिनींचं घर तिसऱ्या ओळीत तिसरं, माझं चौथ्या ओळीत तिसरं. नव्या माणसाची एक-दोनदा गफलत व्हायचीच.

पण वहिनी तिथे सहा वर्षं राहत होत्या.

वहिनी मूळच्या गुहागरच्या. उंच, सडसडीत, चालायला लागल्या की पदर मागे उडायचा. पायांत दोन चपला असायच्या, पण एकाच जोडातल्या असतीलच असं नाही. "थांब, हे राहिलंच!" हा त्यांचा मंत्र. केर काढायला घेतला की खाटेखाली बटण सापडायचं. ते शिवायला सुई शोधताना माहेरचं पत्र सापडायचं. उत्तर लिहायला पेन मागायला त्या माझ्याकडे यायच्या, आणि माझ्याकडे फणस फोडलेला दिसला की हाताला तेल लावून गरे काढायला बसायच्या. एकदा बसल्या की दोन तास मान वर नाही. हाक मारली तरी ऐकू यायचं नाही. संध्याकाळी त्यांच्या घरी केर अर्ध्या खोलीत तसाच, आणि केरसुणी माझ्याकडे.

त्यांचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, प्रकल्पाच्या गोदामात स्टोअरकीपर. तिथे खिळासुद्धा ज्या खणातला त्या खणात. घरीही त्यांनी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी डकवली होती. वहिनी मला हळूच सांगायच्या, "डब्यावर लिहिलंय ते वाचू नको गो. डबा हलवून बघ." 'रवा' लिहिलेल्या डब्यात मला एकदा कात्री सापडली होती आणि एकदा रेशनकार्ड.

"हिचं 'आलेच' म्हणजे एस्टीच्या कंडक्टरचं 'सुटतेच'," भाऊजी म्हणायचे.

शेवटी त्यांनी एक युक्ती केली. दिवाळीला दारावर लावलेला लाल आकाशकंदील उतरवलाच नाही. पावसात कागद भिजून गेला, तेव्हा गोदामातल्या एका कारागिराकडून पत्र्याचा करून घेतला आणि त्याला लाल रंग दिला. "हा दिसला की आत शिरायचं. नाही दिसला की पुढे व्हायचं. एवढं तरी लक्षात ठेव." सगळी वसाहत हसली. वहिनी सगळ्यांच्या आधी हसल्या.

तरीही आठवड्यातून दोन-तीनदा त्या माझ्या दारातून आत यायच्याच. "अगो बाय, पुन्हा तुझंच!" म्हणायच्या आणि पाट ओढून बसायच्या. मी चहा ठेवायची. माझ्याकडे दुसरं कुणी येतही नव्हतं. मी दिवसा दाराला कडी लावणंच सोडून दिलं.

सगळ्यांच्या आधी हसायची त्यांची ती सवय मी बरेच दिवस नुसती बघत होते. कुणी "वेंधळी" म्हणायच्या आत त्याच स्वतःला वेंधळी म्हणायच्या. मला वाटायचं, बाई मोठ्या धीराची. मग एक दिवस मी केरसुणी परत द्यायला गेले, तर त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. आत भाऊजींचा आवाज चढलेला. दूध उतू गेलं होतं, त्या आठवड्यात तिसऱ्यांदा. वहिनी स्वतःच्या कपाळावर मुठीने हलके हलके मारत होत्या, लहान मुलाला थोपटावं तसं. "का गो मी अशी?" त्या म्हणाल्या. "मी काय मुद्दाम करते? समोर उभी होते गो मी. दुधाकडेच बघत होते."

मी केरसुणी ठेवून त्यांच्या शेजारी बसले. मला हे कुठलं कळायला, माझं शिक्षण चौथीपर्यंत. आता माझ्या नातीच्या शाळेतल्या बाई सांगतात, की काही माणसांचं मन तसंच घडलेलं असतं, एका जागी ठरत नाही, आणि जिथे ठरतं तिथून हलत नाही. त्याला एडीएचडी असं नाव आहे, आणि अशा माणसाला रागावून काही उपयोग नसतो, उलट ते आतून खचतं. नातीचंही तसंच आहे म्हणाल्या, तेव्हा ती घाबरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, मी अशी एक बाई पाहिलेली आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

तर, वसाहतीतल्या महिला मंडळाने तिथल्या हॉलमध्ये बालवाडी काढायचं ठरवलं. शिकवायला सातवी पास बाई हवी होती. मोठ्या साहेबांच्या पत्नी मंडळाच्या अध्यक्ष, त्यांना आम्ही बाईसाहेब म्हणायचो. वहिनींनी अर्ज केला. भाऊजी जेवता जेवता म्हणाले, "तुला स्वतःचं घर सापडत नाही, पोरं कशी सापडणार?"

वहिनी माझ्याकडे आल्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. "मला हे हवंय गो सुमन. जन्मात एक तरी गोष्ट शेवटापर्यंत न्यायचीय."

बाईसाहेबांनी त्यांना एक महिना दिला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की ठरवू, म्हणाल्या. मुलांची उसळ करायला मला घेतलं, म्हणून मी तो महिना डोळ्यांनी पाहिला.

वहिनी खुर्चीवर कधी बसल्याच नाहीत, आणि मुलांना तरी कुठे बसायचं होतं? अंक शिकवले ते हॉलच्या खिडक्या मोजत फिरून. गाणी म्हटली ती उड्या मारत. तोंडातून शब्द न काढणारं एक पोर आठव्या दिवशी ओरडून गाऊ लागलं. पण मुलांच्या हजेरीचं मस्टर कोरं राहायचं. एकदा मुलं तासभर आधी घरी गेली आणि एकदा दोन वाजेपर्यंत मुंग्यांची रांग बघत बसली. आया शोधत आल्या. बाईसाहेबांच्या वहीत सगळ्याची नोंद होत होती.

सव्वीस जानेवारीला झाडून सगळी वसाहत हॉलसमोर जमली. बाईसाहेब वहिनींना म्हणाल्या, "आज पाहुणे आहेत. तुम्ही खुर्चीवर बसा आणि मस्टर पुरं करा. मुलांना हात धुवायला मी नेते. बघा रांग कशी असते."

रांग खरोखर सुरेख होती. उंचीप्रमाणे सतरा मुलं गेली. परत आली ती सोळा.

तिसऱ्या ओळीत राहणारी पिंकी नव्हती. चार वर्षांची पोर. तिच्या आईने हंबरडा फोडला, कारण वसाहतीच्या कडेने ओढा होता. पुरुष तिकडे धावले. बायका पहिल्या ओळीपासून दारं बघत निघाल्या, पण त्या ओळीत सगळ्या दारांना कुलपं. बाईसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि वहिनी खुर्चीवरून उठून म्हणाल्या, "माझंच चुकलं. माझंच लक्ष नव्हतं."

भाऊजींनी मान खाली घातली.

त्या वेळी माझ्या तोंडून कसं निघालं ते मला अजून कळत नाही. "नाही," मी म्हटलं. "वहिनी इथेच लिहीत होत्या. मुलं बाईसाहेबांनी नेली." एवढ्या लोकांत मी बोललेलं ते पहिलं वाक्य. बाईसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग तडक हॉलमागच्या नळावर गेल्या आणि तिथे उकिडव्या बसल्या. मी त्यांच्या मागे.

"वहिनी, लोक ओढ्याकडे गेलेत."

"जाऊ देत. खाली बस. तिच्या उंचीवरून बघ. काय दिसतंय?"

मी बसले. समोर कुंपणाखाली कोंबडी पिलं घेऊन चरत होती.

"मी असते तर रांग सोडून हिच्या मागे गेले असते," वहिनी म्हणाल्या आणि निघाल्या. कोंबडीच्या वाटेने कुंपणाच्या टोकाला. तिथे गटाराच्या पाण्यात बेडूकमासे वळवळत होते. "इथे बसली असणार." काठावर ओल्या मातीत लहान पावलं होती! पुढे बांधलेली शेळी. शेळीपुढे ओरबाडलेला पाला पडला होता. वहिनी थांबत नव्हत्या आणि घाईही करत नव्हत्या. आयुष्यभर ज्या वाटेने त्यांचं मन पळत होतं, त्याच वाटेने आता त्या पायांनी चालल्या होत्या. आमच्या मागे बायका येऊ लागल्या. मग बाईसाहेब. मग भाऊजी.

सार्वजनिक नळापाशी रस्त्याला फाटे फुटायचे. वहिनी तिथे थबकल्या.

"इथेच," त्या म्हणाल्या. "इथे मी चुकले होते. वळायच्या ठिकाणी ही जास्वंद आहे ना? फुलाकडे बघता बघता माझी ओळ मागे राहिली." जास्वंदीच्या खालच्या फांदीचं एक फूल नुकतंच तोडलेलं होतं. "ती आपल्या घरी निघालीय गो. फक्त वळायची विसरली."

त्या सरळ चौथ्या ओळीत शिरल्या. सगळ्या ओळीत एकच दार नुसतं लोटलेलं होतं. माझं.

पिंकी माझ्या खाटेवर गाढ झोपली होती. एका मुठीत जास्वंद, दुसऱ्या मुठीत माझी आंबापोळी, आणि गालाला ती चिकटलेली.

तिच्या आईने तिला उचललं, रागावली, मुके घेतले, पुन्हा रागावली. वहिनी म्हणाल्या, "रागावू नको तिला. ती घरीच गेली होती."

दारात सगळी वसाहत उभी होती. भाऊजी सगळ्यांच्या मागे होते, ते पुढे आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या गोदामात हरवलेलं इतक्या लवकर कधी सापडलं नव्हतं." त्यांच्या तोंडी एवढी स्तुती म्हणजे पुष्कळ.

बाईसाहेबांनी वही मिटली. "मंदाबाई, उद्यापासून कायमच्या या. पण मस्टर? ते कोण भरणार?"

"ही भरेल," वहिनींनी मला पुढे ढकललं. "हिचं अक्षर बघा जरा. वाण्याची यादीसुद्धा अशी लिहिते, की फाडून टाकवत नाय."

मी चौथी शिकलेली बाई. दुसऱ्या दिवसापासून मी बालवाडीचं मस्टर भरू लागले. पुढची अकरा वर्षं वहिनींनी ती बालवाडी चालवली. प्रकल्पावरच्या लोकांच्या बदल्या होत राहिल्या, मुलं येत-जात राहिली. एकही हरवलं नाही.

पण मला सांगायची आहे ती त्याच संध्याकाळची गोष्ट. ऊन उतरल्यावर वहिनी आल्या. "अगो बाय, पुन्हा तुझंच!" म्हणाल्या आणि पाट ओढून बसल्या. मी चहा ठेवला. सकाळी एकदा तोंड उघडलं होतं, त्यामुळे धीर आला होता. मी विचारलं, "वहिनी, दारावर एवढा लाल कंदील आहे. तरी तुम्ही चुकता कशा?"

त्यांनी बशीत चहा ओतला.

"कंदील लावल्यावर मी एकदाही चुकले नाय गो."

मी हातातला कप खाली ठेवला.

"कुठेही गेले की पहिलं ऐकायला येतं, आज काय विसरलीस? माहेरी तेच, इथे तेच. तू त्या पहिल्या दिवशी काय बोलली नायस. हसलीही नायस. चहा ठेवलास. मला वाटलं, ह्या एका दारात चुकून आलेलं चालतं. म्हणून येत राहिले. मुद्दाम येते म्हटलं असतं, तर तुला संकोच वाटला असता."

माझं न बोलणं कुणाच्या उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्याला आजवर उणंच समजत आले होते.

"थांब, हे राहिलंच!" वहिनी एकदम उठल्या. "आलेच!" आणि माझा कप हातात घेऊनच निघून गेल्या. मी मनात म्हटलं, गेला हा कप चार महिने.

पाच मिनिटं झाली नसतील. वहिनी परत आल्या. कप धुतलेला होता आणि त्यात पिवळाधमक पेढा होता. त्या वेळी मात्र त्या आत शिरल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर थांबल्या, लोटलेल्या दारावर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाल्या,

"चुकले नाय हां. तुझ्याकडेच आलेय."