पिंगळ्याचे डोळे

"थैलीत काय आहे?" असं दारावरच्या रखवालदाराने विचारलं, तेव्हाच चुडामण मास्तरांनी खरं सांगून टाकलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तोंड उघडायला मास्तरांना नेहमीच वेळ लागे. तेवढ्यात त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी उत्तर देऊन टाकलं.

"कळणानी भाकर शे. खावानी शे का तुले?"

रखवालदाराने हात झटकला आणि दोघांना आत सोडलं.

भाकरीच्या खाली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक पिंगळा होता. भुसा भरतात तसा, पण आत कापूस भरलेला. तीन वर्षांपूर्वी अमळनेर स्टेशनाजवळ तारेला धडकून मेलेलं ते लहानसं घुबड मास्तरांनी घरी आणलं होतं. वाचनालयातलं पुस्तक पुढ्यात ठेवून त्याचं कातडं सोडवलं, गावच्या जिनिंग गिरणीतला कापूस भरला आणि त्याला बाभळीच्या काटकीवर बसवलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवूनही आपल्याला काही येतं असं मास्तरांना कधी वाटलं नव्हतं. पिंगळा काटकीवर बसला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. घुबड घरात आलेलं पाहून यशोदाबाई मात्र अंगणात जाऊन बसल्या. "ते भूत तरी राही, नही ते मी तरी!" शेवटी पिंगळा माळ्यावर गेला, आणि त्या फडक्याकडे यशोदाबाईंनी पुन्हा एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

सत्याऐंशीच्या दिवाळीनंतर दोघं मुलीकडे मुलुंडला आली. मुंबईच्या बंदराजवळ, जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर हे निसर्गसंग्रहालय आहे, असं मास्तरांनी एका मासिकात वाचलं होतं. पिंगळा इथे द्यायचा आणि त्याच्याखाली पाटी लागावी: 'देणगी: चुडामण बोरसे, अमळनेर.' आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांना कुणाकडे तरी मागायची होती.

"साहेब जेवायला गेलेत," कारकून म्हणाला. "तोवर फिरा."

दोघं फिरू लागली. छताला टांगलेल्या देवमाशाच्या सांगाड्याखाली यशोदाबाई बराच वेळ उभ्या राहिल्या. "एवढा मासा! याना रस्सा कोनता पातेलामा करतीन?" मग पक्ष्यांच्या दालनात कावळ्यापुढे येताच त्यांचा चेहरा बदलला.

"चोर मेला. कौतिक सोनारसारखा!"

मास्तर खाली बघू लागले. कौतिक सोनाराचा विषय कुठूनही निघे. तीन वर्षांपूर्वी यशोदाबाईंची पोत तुटली, ती ओवायला त्याच्याकडे दिली, आणि परत आली ती दोन सोन्याचे मणी कमी होऊन. सोनार म्हणाला, दिले तेवढे ओवले. यशोदाबाईंनी भर बाजारात त्याला चोर ठरवलं. तेव्हापासून दोन घरांचं बोलणं बंद, हळदीकुंकू बंद.

"चला, पुढे घुबडं आहेत," मास्तर पुटपुटले.

"देखा तुम्हीच!" म्हणत त्या पाठ फिरवून देवमाशाकडे परत गेल्या.

घुबडांच्या कपाटात मात्र मास्तरांना नशीबच उघडल्यासारखं झालं. गव्हाणी घुबड होतं, हुमा होता, आणि त्यांच्या मधे 'पिंगळा' अशी पाटी असलेली काठी रिकामी होती. आपला इथे शोभेल का? मास्तरांना शंका आली. शोभेलसं वाटत होतं, पण आपल्याला वाटतं ते बरोबर असतंच असं नाही. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, फडकं सोडलं आणि पिंगळा काचेपाशी धरला. काचेच्या दाराचं कुलूप मोडकं होतं. कोपर लागताच ते दार कुईऽ करत उघडलं. मास्तर घाबरले. त्यांनी घाईघाईने पिंगळा थैलीत कोंबला.

"ओ बाबा! ठेवा ते जागेवर!"

रखवालदार मागेच उभा होता.

"हा माझा आहे," मास्तर म्हणाले.

"तुमचा? पाटी आहे, काठी रिकामी आहे, दार उघडं आहे, आणि घुबड तुमच्या थैलीत! भाकर म्हणे!"

"मी शिक्षक आहे हो!"

"मग शाळेत हेच शिकवलं का?"

मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. साठ वर्षांत कुणाची पेन्सिल उचलली नव्हती. आवाज चढवावासा वाटला, पण निघाला तो नेहमीचाच, नम्र. "अहो, अन्याय आहे हा," ते म्हणाले, ते जणू परवानगी मागितल्यासारखं.

एवढ्यात साहेब जेवून आले. तरुण होते, सभ्य होते. संग्रहालयाचा पिंगळा कसरीने खाल्ला म्हणून काढला, की अजून काढायचाय, हे त्यांना नक्की आठवेना. कारकुनालाही आठवेना.

"तुमचाच आहे म्हणता, तर काही पुरावा?"

"आत आमच्या जिनातला कापूस आहे. एखादी सरकीसुद्धा असेल."

"मग उसवून बघू," म्हणून साहेबांनी कात्री मागवली.

"नको!" मास्तर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "माझं सगळं काम फुकट जाईल!"

"मग दुसरा काही पुरावा?"

दुसरा पुरावा होता. पिंगळ्याचे डोळे पिवळे असतात. तसे काचेचे डोळे अख्ख्या खानदेशात मिळाले नव्हते. मास्तरांनी शर्टाच्या गुंड्या लावून पाहिल्या, चिंचोके रंगवून पाहिले. पिंगळा आंधळा तो आंधळाच. त्याच दिवसांत तुटलेल्या पोतीचे मणी देवळीतल्या वाटीत पडले होते. नुसते लावून पाहावेत म्हणून मास्तरांनी दोन उचलले, मधे काळ्या रंगाचा ठिपका दिला, आणि पिंगळा बघायला लागला! काढून परत ठेवू, उद्या ठेवू, असं म्हणेपर्यंत पोत सोनाराकडे गेली आणि बाजारात भांडण होऊनही गेलं. मग सांगायचं कसं?

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. आरडाओरडा ऐकून ती पदर खोचत येत होती. इथे चोर ठरलो तर मुंबईपुरता. घरी ठरलो तर जन्मभर.

"चोरलं," ते साहेबांना म्हणाले. "लिहून घ्या."

"काय बोली राह्यनात तुम्ही?" यशोदाबाई कडाडल्या. मग रखवालदाराकडे वळून त्यांनी ठेवणीतल्या अहिराणी शिव्या सुरू केल्या. त्या मुंबईत कुणाला कळणार, म्हणून हात राखला नाही.

रखवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं. "मावशी, मन्हं गाव धुळं शे. माले बठ्ठं समजस."

"धुळाना शे, आनि अमळनेरना मानूसले चोर म्हनस?" त्यांचा संताप दुप्पट झाला. "हाऊ मानूस दुकानमा शेंगदाना चाखत नही! चोर देखना व्हई ते आमना कौतिक सोनारले देख! आन ते भूत इकडे. मी सांगस कोनं शे ते!"

आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पिंगळा हातात घेतला. त्यांची आणि पिंगळ्याची नजरानजर झाली. खिडकीतून ऊन येत होतं. यशोदाबाईंनी नखाने काळा ठिपका खरवडला. मग पदराखाली हात नेऊन गळ्यातली पोत वर काढली आणि पिंगळ्याच्या डोळ्याला लावून धरली.

मास्तर लांबून दिसणाऱ्या देवमाशाच्या बरगड्या मोजू लागले.

"साहेब," त्या शेवटी म्हणाल्या, "हाऊ आमनाच शे. पुरावा मन्हा गळामा शे."

साहेबांनी भिंग आणलं. तोच आकार, कडेला तीच बारीक रवाळ नक्षी. ते ओशाळले. "मास्तर, माफ करा. तुम्ही चोर नाही."

"कोन म्हनस नहीत?" यशोदाबाई म्हणाल्या.

साहेबांना ते कळलं नाही. रखवालदाराला कळलं. तो खिडकीबाहेर बघू लागला.

"पक्षी उत्तम झालाय," साहेब म्हणाले. "आम्हाला द्याल? मणी काढून देतो, त्या जागी काचेचे डोळे बसवू."

हेच वाक्य ऐकायला मास्तर इतक्या लांब आले होते.

"काढाना नहीत," यशोदाबाई म्हणाल्या. "देखस तो बिचारा. आंधळा कसाले करतस? पन पाटीवर मन्हं नाव लिखा."

"तुझं?" मास्तर भडकले. चोर म्हटल्यावर चढला नव्हता तेवढा आवाज आता चढला. "कातडं मी सोडवलं, कापूस मी भरला, रात्ररात्र जागलो मी! आणि नाव तुझं?"

"डोळा कोना शेतस?"

कारकुनाने पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पिंगळा. देणगी: सौ. यशोदाबाई बोरसे, अमळनेर.' यशोदाबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं.

"गावले गया की पहिले कौतिक सोनारना घर," जिना उतरताना त्या म्हणाल्या. "भर बाजारमा माफी मांगनी."

"तू मागणार?"

"तुम्ही!"

खाली दारावर रखवालदार येऊन उभा राहिला होता. झाल्या प्रकाराने तो शरमला होता, आणि मास्तरांना नुसताच हात जोडून वाट देऊ लागला. यशोदाबाई थांबल्या. त्यांनी मास्तरांच्या खांद्यावरची थैली ओढून त्याच्यापुढे उघडी धरली.

"देख भाऊ, नीट देख," त्या म्हणाल्या. "या मानूसना काही भरोसा नही."