समुद्राशी बोलणं बंद

सन दोन हजार तेवीस. मला शहात्तरावं लागलेलं, आन् माझ्याच नातीच्या लग्नात गणपानं आचाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "आमटीत मीठ कुठलं घातलंस? डोंगराचं का समुद्राचं?"

आचारी सोलापूरचा. मोठमोठ्या पंगती उठवलेला गडी, पण असला सवाल त्याला कुणी घातला नव्हता. म्हणाला, "आजोबा, पुड्यातलं हाय."

"मग मला नुसता भात वाढ."

भातावर तूप घेतलं आन् ह्या बाबानं कोपरीच्या खिशातनं शेंदेलोणाचा खडा काढला. बायका उपासाला वापरतात ते, डोंगरातनं निघणारं. खडा भातावर खराखरा घासला, चाटून पुसला, परत खिशात घातला. नवऱ्याकडची माणसं जेवायची थांबली. मी नातीचा आजा, फेटा बांधून उभा. मेल्याहून मेल्यागत झालं.

विचारलं तर गणपाचं एकच उत्तर. "समुद्राचं आन् माझं बोलणं बंद हाय."

आता आमचं गाव अणदूरच्या अलीकडं. इथं नदीला पाणी दिसलं तरी माणसं बघायला जातात. समुद्र ह्या माणसानं जन्मात बघितलेला न्हाय, तरी त्याच्याशी वैर. गावातली पोरं गाडी करून कोकणात निघाली, म्हणली, "चला आजोबा, तेवढाच समुद्र बघून होईल." गणपा म्हणाला, "त्याचं तोंड बघायचं न्हाय मला." त्याचा बैल सोन्या, तोही शेंदेलोणच चाटतो. आमची जनावरं जाड्या मिठावर, ह्याचा बैल उपासाचा.

शाळेच्या मास्तरांनी एकदा त्याला पेचात धरला. "आजोबा, पाऊससुद्धा समुद्रातूनच येतो. मग पाणी पण सोडा की."

गणपा दोन-तीन दिवस गप्प. मला वाटलं, मेला आता हा तहानेनं. मग पारावर मास्तरांना गाठून म्हणाला, "पाऊस समुद्र देत न्हाय. सूर्य त्याच्याकडनं ओढून आणतो. जप्तीचा माल घ्यायला माझी हरकत न्हाय."

तर असा हा माझा शेजारी. आमच्या दोघांची भिंत एकच, त्यामुळं त्याच्या घरातलं सगळं मला ऐकू येतं. घरात आता दोघंच. हा, आन् त्याची भावजय सोजर. थोरल्या दिरानं भावजयीशी थेट बोलायचं न्हाय, ही आमच्याकडची जुनी रीत. ती दोघांनी अशी पाळली की मधे बैल घेऊन बोलत्यात.

"सोन्या, चहा झाला का विचार."

"सोन्या, कवाच निवला म्हणावं."

बैल बिचारा मान हलवत ऱ्हातो.

समुद्राशी वैर पडलं ते सोजरच्या नवऱ्यावरनं. म्हादू, गणपाचा धाकटा भाऊ. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून हात सोलले तसा मुंबईला पळाला आन् मालाच्या जहाजावर खलाशी लागला. आमच्यात विहिरीत उडी मारायला भिणारा एकटा तोच! सुट्टीवर आला की अंगाला अत्तराचा वास आन् सोजरला फुलाफुलाची साडी. पुढं आखातात दोन मुलखांची लढाई जुंपली. म्हादूचं जहाज तेल घेऊन मधनं चाललेलं. वरनं विमानानं बाँब टाकला. लढाई एकाची, तेल दुसऱ्याचं, आन् गेला आमचा म्हादू. घरी तार तेवढी आली. माणूस न्हाय, हाड न्हाय, राख न्हाय.

तवापासनं गणपाचं मीठ बंद, आन् म्हादूचं पित्रही बंद. पितरी अमावस्येला घरोघर गेलेल्या माणसांच्या नावानं पान वाढत्यात. गणपा आईचं वाढायचा, बापाचं वाढायचा, म्हादूचं न्हाय. गाव समजून होतं, भाऊ गेलाय हे ह्याला अजून पटलेलं न्हाय. मीही तेच समजून होतो, आन् मी सहसा चुकत न्हाय.

नातीचं लग्न झालं त्याच वर्षी पितरी अमावस्येच्या आदल्या दिवशी सोजर माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"रंगाभावजी, तुमी सांगा त्यास्नी. ह्या कामाला बैल पुरायचा न्हाय."

"काय झालं?"

"माझं आता काय खरं न्हाय. चाळीस वर्षं ह्या घरच्या पितरांस्नी रांधून वाढलं. माझ्या माणसाला एक घास न देता मी वर गेले, तर त्यास्नी काय तोंड दाखवू?"

मी तडक उठलो. गणपा गोठ्यात सोन्याला खडा चाटवीत बसलेला.

"गणपा, उद्या म्हादूचं पान वाढायचं."

"न्हाय."

"आरं येड्या, म्हादू गेला! साऱ्या गावाला ठावं हाय, तुला एकट्याला न्हाय."

"रंगा, तू चौथी शिकलास, पण डोकं पहिलीतच बसून ऱ्हायलं."

"आन् तू? समुद्रावर रागावून मीठ सोडणारा! तांब्याभर तरी आटला का तो तुझ्या रागानं?"

गणपानं खडा धोतराला पुसला. बराच वेळ पुसला.

"राग कुणाला आलाय? म्हादू त्या पाण्यात विरघळला. पाणी आटवून मीठ काढत्यात, तेच दुकानात येतं. कुठल्या खड्यात तो आला आसंल, मला काय ठावं? भाऊ हाय रं. कालवणात कसा घालू?"

गणपानं खडा खिशात घातला.

"आन् पान कुणापुढं वाढू? आईची राख ह्या हातानं नदीत सोडली. बापाची सोडली. ह्याचं काय हाय माझ्याजवळ सोडायला?"

म्हादू गेला हे सगळ्यांच्या आधी ह्यालाच पटलं होतं. मी उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तशी मी आंघोळ केली आन् वाण्याला दार वाजवून उठवलं. जनावरांसाठी जाड्या मिठाचं पोतं असतं त्याच्याकडं. त्यातलं ओंजळभर घेतलं, पांढऱ्या फडक्यात बांधलं, अस्थी बांधतात तसं, आन् वाटेत कुठं खाली न ठेवता गणपाच्या दारात गेलो. आत सोजर वडे तळत होती. पानं दोनच मांडलेली.

"घे," मी म्हणलं, "म्हादूला आणलाय."

गणपा फडक्याकडं बघत ऱ्हायला. पण जित्याची खोड, विचारल्याबगर राहवलं न्हाय.

"मशिनीत धुतलेलं न्हाय ना?"

"न्हाय. जसं निघालं तसं हाय."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. फडकं ओंजळीत धरलं आन् चुलीकडं तोंड करून, बैलाला मधे न घेता, म्हणाला, "सोजर, तिसरं पान मांड."