बाण दाखवेल तिकडे

आधीच सांगून ठेवतो, मी अजून चिडलेलोच आहे. हे वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा, पण माझ्या दुकानासमोर येऊन हसू नका. एकतीस वर्षं मी पाट्या रंगवतोय. आणि बाण! माझा बाण बघितला की माणसानं आपोआप वळलंच पाहिजे, असं मी छातीठोकपणे सांगायचो. सांगायचो म्हणजे, आता सांगत नाही.

सगळं सुरू झालं त्या फ्लेक्सवाल्यामुळे. माझ्या समोरच्याच गाळ्यात त्यानं मशीन आणून ठेवलं. बटण दाबलं की फर्रर्र करून पाटी बाहेर! ना ब्रश, ना हात, ना अक्कल. दोन वर्षांत माझं निम्मं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. उरलेलं निम्मं माझ्याकडे पत्ता विचारायला येतं. कुणाचा? त्याचाच!

अशात नवीन दवाखान्याची इमारत उभी राहिली. तीन मजले, साठ बाण. एक्स-रे, रक्ततपासणी, बाळंतपण, औषधं, बाहेर. हे काम मिळालं तर दुकान तरणार, नाहीतर कुलूप. मी घरात हे कुणाला बोललो नव्हतो, पण आमच्या हिला कळलेलं होतं, कारण ती हल्ली माझ्यावर ओरडत नव्हती. तिचं न ओरडणं मला फार लागत होतं.

मी दवाखान्याच्या व्यवस्थापक मॅडमना भेटलो. त्या फायलीतून मान वर न करता म्हणाल्या, "बाण काय, कुणीही काढेल. फ्लेक्सवाले दोन दिवसांत देतायत."

झालं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडम, त्याचा बाण नुसता छापलेला असतो. माझा बाण वाट दाखवतो!"

आता त्यांनी मान वर केली. "सिद्ध करा."

"करतो! तुम्हाला सायकल येते?"

हे मी का विचारलं ते सांगतो. दर रविवारी आमची सायकल टोळी बाहेर पडते. मी, शिंपी आणि त्याच दवाखान्यातला कंपाउंडर. कसली स्पर्धा नाही, घाई नाही. शेतांमधून रमतगमत जायचं, झाडाखाली बसून खायचं आणि भांडत परत यायचं. भांडण शिंप्यामुळे. तो वाटेत डोकं चालवतो. मागच्या महिन्यात "इकडून जवळ पडेल" म्हणून त्यानं आम्हाला थेट गावाच्या सांडपाण्यात नेलं. तेव्हापासून त्याचं डोकं या विषयात चालू द्यायचं नाही, असा माझा हुकूम आहे.

तर मी मॅडमना म्हटलं, "रविवारी या. मी सोबत नसेन. कुठे जायचं तेही सांगणार नाही. सकाळी सातला दवाखान्याच्या फाटकातून सरळ निघा. प्रत्येक फाट्यावर माझा बाण असेल. बाण दाखवेल तिकडे यायचं. मी नाश्ता मांडून बसलेला असेन!"

मॅडम हसल्या. त्यांच्याकडे चांगली गियरची सायकल निघाली.

मी शिंप्याला आणि कंपाउंडरला बाजूला घेऊन दम भरला. "हे बघा, माझ्या पोटाचा प्रश्न आहे. कुणीही डोकं चालवायचं नाही! बाण म्हणजे बाण!"

"आणि बाण चुकलेला वाटला तर?" शिंप्यानं विचारलंच.

"बाण चुकत नाही! चुकलं तर तुझं डोकं चुकलं असं समज!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करतोय.

जागा मी मनात पक्की केली होती. सोळा किलोमीटरवरचा तलाव. शनिवारी मला तिथल्या पंपघरावर 'पोहण्यास सक्त मनाई आहे' ही पाटी रंगवायला जायचंच होतं. जाताना पंपघरवाल्यांच्या जीपमधून गेलो, सायकल मागे टाकली. पाटी झाली. परत येताना सायकलवर आलो आणि येता येता बाण काढले. एका फेरीत दोन कामं! तलावाच्या फाट्यावर एक, कालव्याच्या पुलाशी एक, वीटभट्टीच्या तिठ्यावर एक. पिवळेजर्द, दोन हात लांब, डांबरावर असे उठून दिसत होते की मीच उतरून दोनदा मागे वळून पाहिलं. डब्यात थोडा रंग उरला, म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडाशीही एक झोकदार बाण ओढला. कशासाठी? हौस!

हुशार वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. एकतीस वर्षांचा अनुभव होता ना!

रविवारी फटफटायच्या आधीच निघालो. कॅरियरला बारा उकडलेली अंडी, दोन ब्रेड, डझनभर केळी आणि ताडपत्री. वाटेत माझे बाण दिसत होते. दिसत होते म्हणजे पिवळं काहीतरी दिसत होतं. स्वतःच्या हातचं कोण वाचत बसतो! तलावाकाठी ताडपत्री अंथरली, अंडी सोलून ओळीनं मांडली आणि मॅडमना काय बोलायचं ते घोकत बसलो.

आठ वाजले. साडेआठ वाजले. एकही सायकल नाही. मला कळून चुकलं की शिंप्यानं डोकं चालवलं! मी दात-ओठ खात कंपाउंडरला फोन लावला. फोन मॅडमनी उचलला.

"त्यांचे हात भरलेत, मी बोलतेय."

"मॅडम! कुठे आहात तुम्ही?"

"पोचलो ना! केव्हाच! काय छान जागा निवडलीत हो! आणि इतकी जवळ!"

जवळ? सोळा किलोमीटर? बाई दणकट दिसतेय, असं मला वाटलं. "पण मला तुम्ही दिसत नाही! पाणी दिसतंय का?"

"दिसतंय की. भरून वाहतंय नुसतं."

भरून वाहतंय म्हणजे सांडवा! म्हणजे पलीकडचा काठ! "तिथे कुणी आहे का?"

"एक बाई धुणं धुतायत. त्यांनीच आम्हाला बसवून घेतलं."

पलीकडच्या काठावरच्या बायकांशी माझं पूर्वी एकदा वाजलेलं आहे. मी ओरडलो, "मॅडम, त्या बाईच्या नादी लागू नका! महाभांडखोर! एकदा तोंड सुरू झालं की देवाला बंद करता येत नाही! मी आलोच सोडवायला!"

 पलीकडे बादली आपटल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

मी अंडी पिशवीत कोंबली आणि काठाकाठानं सायकल दामटली. काटे, चिखल, दगड! पुढचं चाक बसलं. सायकल खांद्यावर घेतली. सांडव्याशी पोचलो तर तिथे माणूस सोडा, मांजरही नाही. त्यांच्यापर्यंत लवकर पोचावं म्हणून मी सांडव्यातूनच पाय टाकला. घोटाभर पाणी होतं, पण शेवाळ असं की मी, सायकल, ताडपत्री आणि बारा अंडी एकाच वेळी तलावात! तेवढ्यात शिट्टी वाजली.

"ओ काका!" पंपघराचा राखणदार बोंबलत होता. "पाटी वाचता येत नाही का?"

"मीच लिहिलीय ती!"

"मग लिहिताना वाचली नाही का?"

माझं डोकं फिरलं. बाहेर आलो, फोन झटकला, चालू होता. आमच्या टोळीच्या ग्रुपवर मी आवाजी निरोप सोडला. जेवढा आठवतोय तेवढा सभ्य करून लिहितो: "गाढवांनो! दोन हातांचे पिवळे बाण दिसत नाहीत? डोळे आहेत की बटणं? आणि त्या मॅडमना दवाखाना चालवायला कुणी बसवलं? त्यांना स्वतःच्या घरात स्वतःची खाट तरी सापडते का?"

मॅडमना ग्रुपमध्ये शनिवारीच घेतलं होतं. कंपाउंडरनं. फार आज्ञाधारक माणूस!

मग मी निघालो घरी. भिजलेला, लंगडत, बसलेलं चाक ढकलत. फाट्यावर माझा बाण दिसला. अगदी चोख! मी म्हटलं, यात चुकण्यासारखं काय आहे? कालव्याच्या पुलाशी दुसरा. तोही चोख! अगदी माझ्या पुढे पुढे रस्ता दाखवत होता. मी शिंप्याला तोंडातल्या तोंडात शिव्या देत शंभरेक पावलं गेलो आणि थांबलो.

मी घरी चाललो होतो. मग बाण मला कशाला वाट दाखवत होते?

मी रस्त्याच्या कडेला बसलो. इतका वेळ ज्याच्यावर चिडायचं तो माणूस सापडत नव्हता, तो आता सापडला. त्याच्या पायात एकच चप्पल होती. दुसरी तलावात. खरं सांगतो, त्या वेळी मला रडूच आलं. साठ बाण गेले, दुकान गेलं, आणि ते फ्लेक्सवाल्यानं घालवलं नव्हतं.

वीटभट्टीवर तिसरा बाण. गल्लीच्या तोंडाशी चौथा, झोकदार, नेमका माझ्या दाराकडे. दाराला तीन सायकली टेकलेल्या. अंगणात टाकी भरून वाहत होती.

"ये पेंटर, ये!" शिंपी ऑम्लेट खात होता. "आजवरची सगळ्यात झकास सहल! वीटभट्टीपर्यंत गेलो, मागे फिरलो, थेट वहिनींच्या हातचा नाश्ता! आम्हाला वाटलं, म्हातारपणी तुला अक्कल आली!"

"अरे, बाण मागे वळलेला बघून एकाला तरी शंका यायला नको?"

"आली होती," शिंपी म्हणाला. "पण तूच म्हणालास, डोकं चालवायचं नाही. बाण चुकला तर माझं डोकं चुकलं असं समजायचं. मी समजलो."

"आणि मॅडमना निदान सांगायचं तरी की हे माझं घर आहे!"

"आम्हाला वाटलं, तूच सांगणार," कंपाउंडर म्हणाला. "तू फोनवर वहिनींची ओळख करून दिलीस की! स्पीकरवर."

मी हिच्याकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, पाठीला जाणवत होतं.

मॅडम उठल्या. हातात फोन होता. "पेंटर, माझी खाट मला सापडते," त्या शांतपणे म्हणाल्या.

"मॅडम, मी... तो निरोप म्हणजे..."

"ऐकला. दोनदा. आता विचार करा, माझा पेशंट ऑपरेशनला निघालाय. तुमचा बाण बघून तो कुठे जाईल?"

"घरी," शिंप्यानं तोंडात घास असताना उत्तर दिलं. त्याचं डोकं नको तिथे बरोबर चालतं!

"दिशा चुकली, मॅडम. मान्य आहे," मी म्हटलं. "पण बाण..."

"बाण उत्तम आहेत. मी या गावात नवीन, तरी थेट दारात आले. कुणाला विचारावं लागलं नाही." एवढं बोलून त्यांनी हिचे आभार मानले आणि सायकलवर टांग टाकून निघून गेल्या. त्यानंतर तीन दिवस मी दुकान उघडलं नाही. ही तीन दिवस ओरडत होती, तेवढाच काय तो दिलासा.

चौथ्या दिवशी दवाखान्याचं पत्र आलं. एक्स-रे, रक्ततपासणी, बाळंतपण, औषधं, सगळे आतले बाण फ्लेक्सवाल्याला. पण खाली एक ओळ होती. लोकांना घरी पाठवण्यात पेंटरांचा हात कुणी धरणार नाही, सबब 'बाहेर' हे अठरा बाण त्यांच्याकडून रंगवून घ्यावेत.

साठातले अठरा! मी संतापलो. मग घेतले.

रंगवून अंगणात वाळत घातले तेव्हा ही कमरेवर हात ठेवून सगळी रांग बघून गेली. मग एक पाटी उचलून तिनं माझ्या खाटेसमोरच्या भिंतीला टेकवली.

"ही इथेच राहू द्या," ती म्हणाली. "पुन्हा कुणासमोर मला भांडखोर म्हणालात तर शोधत बसायला नको."

 मी फक्त बाण दाराकडेच आहे ना, ते दोनदा तपासून घेतलं.