एक नंबर कुठून मोजायचा

गाडी विकली की थोरल्याच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, पत्र्याच्या शेडमधली जागा. दुसरी, चांगलं नाव. कारण येणारा पैसा तो भावजयीच्या नावावर ठेवणार होता आणि थोरल्याने धाकट्याचं खाल्लं असं म्हणायला कोणाला तोंड उरणार नव्हतं. तिसरी गोष्ट त्याने स्वतःशीही मोठ्याने म्हटली नव्हती. सकाळी खिडकी उघडली की समोर गाडीतली चालकाची सीट दिसायची. तिच्यात डाव्या बाजूला खळगा होता, धाकट्याच्या वजनाचा. धाकट्याला जाऊन आठ महिने झाले होते. खळगा मात्र काही गेला नव्हता.

धाकटा मेकॅनिक होता. गाडी तीन लाख बारा हजार किलोमीटर चाललेली, आणि त्यातले निम्मे थोरल्याला कामावर पोहोचवण्यात गेलेले. थोरला पस्तीस वर्षं एका गोदामात भांडारपाल होता. त्याला गाडी चालवता येत नव्हती. बावीस वर्षं धाकट्याच्या शेजारी बसून त्याने "हळू" एवढा एकच शब्द गाडी चालवण्याच्या कामी खर्च केला. पेट्रोल थोरल्याचं, वाटेतला चहा थोरल्याचा. धाकट्याने खिसे चाचपले की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, "दादा, सुटे नाहीत."

गिऱ्हाईक मिळालं ते कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. त्याला कपड्यांचे गठ्ठे न्यायला गाडी हवी होती, आणि तो रविवारी बघायला येणार होता. शनिवारी थोरल्याने बॉनेट उघडलं. भांडारपालाला धूळ सहन होत नाही. इंजिनातल्या चार प्लगना करंट पोहोचवणाऱ्या चार वायरी तेलकट झाल्या होत्या, आणि प्रत्येकीवर धाकट्याने पांढऱ्या रंगाने आकडा घातला होता. थोरल्याने चारही वायरी प्लगवरून उपटल्या, रॉकेलने पुसल्या आणि नंबराप्रमाणे परत बसवल्या. गोदामात रांग दारापासून मोजतात. बॉनेट उघडतं ती बाजू म्हणजे दार, म्हणून पुढचा प्लग एक नंबर. बसवताना एक वायर तारेसारखी ताणली गेली आणि दुसरी लोंबत राहिली. ‘याला कधी मापात काही करता आलं असतं तर!’ असं पुटपुटून त्याने बॉनेट लावलं.

रविवारी किल्ली फिरवायला भावजय बसली, कारण तिला गाडी येत होती. धाकट्याने शिकवली होती. इंजिन कण्हलं, उलटं खोकलं आणि मग मागून सायलेन्सर असा कडाडला की शेजारच्यांची खिडकी हलली. गाडीच्या मागे इस्त्रीवाला उभा होता, खांद्यावर कोणाच्या तरी दोन पांढऱ्या चादरी घेऊन. त्या आता पांढऱ्या राहिल्या नाहीत.

"दादा," तो चादरींकडे बघत म्हणाला, "मला गाडी हवी होती. तोफ नको."

पण माणूस भला होता. पंधरा दिवस थांबतो म्हणाला, नाहीतर दुसरी बघतो.

थोरल्याने कानवाल्याला बोलावलं. कानवाला म्हणजे धाकट्याच्या गॅरेजसमोरच्या गॅरेजचा मालक. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो रोग सांगायचा, म्हणून हे नाव. अकरा वर्षं तो धाकट्याशी बोलला नव्हता. भांडण एका चौदा नंबरच्या पान्यावरून. धाकट्याने तो मागून नेला, मग परत दिला असं सांगितलं, आणि कानवाल्याच्या मते पाना कधी आलाच नाही. अंत्ययात्रेला तो आला होता, पण फाटकाबाहेरच उभा राहिला होता.

पहिल्या संध्याकाळी त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि प्लग गेलेत असं सांगितलं. थोरल्याने नवे प्लग आणले. तिसऱ्या दिवशी बॅटरी बसली, ती चार्ज करून आणली. पाचव्या दिवशी कार्बोरेटर खोलून ताटात मांडला गेला. रोज सहाला कानवाला यायचा, भावजय सीटवर बसून किल्ली फिरवायची, इंजिन खोकायचं, आणि कानवाला म्हणायचा, "उद्या बघू." मग चहा व्हायचा.

चहाबरोबर धाकटा यायचा. त्याने एकदा गिऱ्हाइकाची गाडी ओढून आणताना स्वतःचीच कशी बंद पाडली, पावती मागणाऱ्याला तो शुभेच्छापत्र कसं द्यायचा, हे कानवाल्याला समोरच्या गॅरेजातून सगळं दिसत आलं होतं. अकरा वर्षं तोंड बंद ठेवलं होतं, पण डोळे उघडेच होते. आठ महिने त्या घरात थोरला आणि भावजय या दोघांत मिळून दोनच वाक्यं होती, "वाढू का?" आणि "वाढ." सातव्या दिवशी भावजय हसली. किल्ली हातात धरून, स्टीअरिंगवर डोकं टेकवून हसली. नंतर बराच वेळ तिने डोकं वर काढलं नाही, आणि दोघे पुरुष कार्बोरेटरमध्ये फारच बारकाईने बघत राहिले.

नवव्या दिवशी तिने सीटवरूनच थोरल्याला सांगितलं, चहा टाकायचाय, साखर तिसऱ्या डब्यात आहे. थोरल्याने स्वयंपाकघरात जाऊन दारापासून तिसरा डबा काढला. त्यात कपडे धुण्याचा सोडा होता.

"शेगडीकडून मोजा," तिने बाहेरून सांगितलं. "ते तसंच मोजायचे. माणूस उभा असेल तिथून एक."

थोरला डबा हातात धरून उभा राहिला. शाळेत उंचीमुळे धाकटा रांगेत शेवटी असायचा आणि घरी येऊन पहिला आलो म्हणून सांगायचा. माणूस असेल तिथून एक. गाडीत माणूस इंजिनाच्या मागे बसतो. म्हणजे सीटजवळचा प्लग एक नंबर, आणि बॉनेटच्या दारातला चार. ताणलेली वायर आणि लोंबणारी वायर त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. धाकट्याने सगळं मापातच केलं होतं.

त्याने सोडा जागेवर ठेवला, साखर घेतली, चहा केला. शेडमध्ये येऊन कप कानवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "मला वाटतं, कार्बोरेटर आणखी एकदा खोलून बघावा."

"माझ्याही मनात तेच होतं," कानवाला म्हणाला.

आणखी सहा संध्याकाळी कार्बोरेटर खोलला गेला. इतका स्वच्छ कार्बोरेटर कारखान्यातूनही निघाला नसेल.

पंधराव्या दिवशी इस्त्रीवाला आला. त्याला दुसरी गाडी मिळत होती, पण मन याच गाडीत होतं. थोरला म्हणाला, जाऊ दे बाबा, हिचं काही खरं नाही, भंगारवाल्याला सांगतो पुढेमागे. कानवाल्याने मान हलवली. असाध्य आहे म्हणाला.

भावजय सीटवरून उतरली. पदर खोचला, बॉनेटखाली वाकली आणि चारही वायरी काढल्या. एकच्या जागी चार, दोनच्या जागी तीन. कोणतीच ताणली नाही, कोणतीच लोंबली नाही. आत बसून तिने किल्ली फिरवली. इंजिन लागलं, आणि धाकटा घरी यायचा तसाच आवाज शेडमध्ये भरला.

थोरल्याने वाकून वायरींवरचे आकडे बघितले.

"कधी कळलं तुला?" थोरल्याने विचारलं.

"तुम्ही पुसायला काढल्यात तेव्हाच. खिडकीत होते मी."

कानवाला फडक्याला हात पुसत म्हणाला, "मला दुसऱ्या दिवशी. ताणलेली वायर आंधळ्यालाही दिसेल. तुम्हालाच नाही दिसली, भांडारपाल."

"नवव्या," थोरला खाली बघत म्हणाला.

इस्त्रीवाल्याने आळीपाळीने तिघांकडे बघितलं. "मग इतके दिवस तुम्ही दुरुस्त काय करत होतात?"

भावजयीने इंजिन बंद केलं.

"दादा, किती दिवस आजारी ठेवायची तिला? चालती गाडी कोणी पाडून ठेवलेली त्यांना बघवायची नाही."

इस्त्रीवाल्याला द्यायची म्हणून गाडी रिकामी करताना चालकाच्या सीटखाली एक पाना सापडला, चौदा नंबरचा. भावजयीने तो पदराने पुसून कानवाल्याला दिला. त्याने तो उलटसुलट करून बघितला. "चोर," एवढंच म्हणाला, आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. थोरल्याने इस्त्रीवाल्याला एकच अट घातली, वायरींवरचे आकडे पुसायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सहाला फाटक वाजलं. कानवाला होता, स्क्रूड्रायव्हर घेऊन. रिकाम्या शेडकडे बघून म्हणाला, "गाडी नाही हे ध्यानातच राहिलं नाही." थोरला शेगडीकडून तिसरा डबा काढायला उठला.

हिशेब शेवटी असा लागला. जागा मिळाली, तिच्यात तेलाचा एक काळा डाग होता आणि थोरल्याने कुंड्या त्याच्या बाजूबाजूने मांडल्या. नाव मिळालं. तिसरी गोष्ट अजून यायची आहे. खिडकी उघडली की सीट नसलेलीही दिसते. प्लग आणि बॅटरीचे पैसे थोरल्याने भरले. पहिल्या दिवशी तडकलेला सायलेन्सर कानवाल्याने जोडून दिला आणि पंधरा दिवसांची मजुरी सोडली. चादरी भावजयीने तीनदा धुतल्या.

धाकट्याच्या नावापुढे काहीच लागलं नाही. तो नेहमीप्रमाणे सुटे नाहीत म्हणून निघून गेला होता.