शेजारच्या सीटचं वजन

यंत्राला माणूस ओळखता येतो, असं माझं ठाम मत आहे. सासऱ्यांचा म्हातारा ट्रक अंगणात आल्यापासून हे मत मी ऑफिसात, शेजाऱ्यांना आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही ऐकवत होतो. "तुझी गरजच नाही बाबा. एका झटक्यात चालू होतो!"

झटक्यात चालू व्हायचा, हे खरंच होतं. पण मिनिटभरानं आचके द्यायचा आणि बंद पडायचा, हे मी सांगत नव्हतो. मेकॅनिकला बोलवायचं तर कोणत्या तोंडानं? बायकोला सांगायचं तर त्याहून अवघड. रोज सकाळी ती स्वयंपाकघरातून घरघर ऐकायची आणि ती थांबली की समजायची, यांनी गाडी गरम करून बंद केली. मी तसंच समजू दिलं.

सासऱ्यांनी या ट्रकमधून आयुष्यभर विटा वाहिल्या होत्या. आता त्यांचा निरोप आला होता. रविवारी येतो, एकट्यानं गल्लीला एक फेरी मारून दाखवा. जमलं तर ट्रक तुमच्याकडे, नाही तर धाकटे जावई नेतील. धाकटे जावई म्हणजे माझे साडू. त्यांना तो त्यांच्या हॉटेलच्या दारात उभा करून मागच्या हौद्यात फुलझाडं लावायची होती! त्या गोल नाकाच्या, गुरगुरणाऱ्या ट्रकवर माझा जीव जडला होता. त्याची कुंडी झालेली मला बघवली नसती.

मी प्लग बदलले, बॅटरी बदलली, ज्याचं नाव माहीत नव्हतं असा एक भाग पुसून परत लावला. ट्रक ढिम्म. आणि मग एक गोष्ट ध्यानात आली. बायको शेजारी बसली की ट्रक बंद पडत नाही! बाजाराला जाऊ, तिच्या मैत्रिणीकडे जाऊ, लोण्यासारखा चालतो. ती काय करते? काहीच नाही. चढते, वाकून पायातली चप्पल सारखी करते आणि बसते.

म्हणजे उरलं काय? वजन! त्या बाजूला भार पडला की आतली कुठली तरी तार टेकत असणार. मला स्वतःच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. त्याच दिवशी जेवताना मी सहज विचारलं, "तुझं वजन किती गं?"

तिनं हातातली पोळी परत ठेवली. मी समजुतीच्या सुरात पुढं विचारलं, बसताना भार नेमका कुठं टाकतेस? त्यानंतर ती फक्त काकडी खाऊ लागली आणि माझ्या ताटातही काकडीच पडू लागली.

शेवटी मी अंदाजानंच वाळूची दोन पोती भरली. शनिवारी संध्याकाळी आम्ही बाजारातून परत आलो, ती घरात गेल्यावर मी पोती सीटवर चढवली आणि एकटाच फेरी मारून आलो. एक आचका नाही! मी पोत्यांना थोपटलं आणि शांतपणे झोपलो.

रविवारी सासरे आले, साडूही आले. साडूंच्या हातात टेप होता, हौदा मोजायला. बायको नेहमीसारखी ट्रकमध्ये चढायला आली, तर मी म्हणालो, "तू राहू दे. तुझी जागा भरली आहे."

तिनं पोत्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि वडिलांशेजारी जाऊन उभी राहिली. ट्रक एका झटक्यात चालू झाला. ऐटीत फाटकाबाहेर पडला, आचके देऊ लागला आणि भर रस्त्यात बंद पडला. साडूंनी टेप उघडला.

सासऱ्यांनी येऊन दार उघडलं. "जावईबापू, हे काय आहे?"

"तुमची मुलगी," माझ्या तोंडून निघून गेलं.

मग सगळं सांगावंच लागलं, वजनाच्या शोधासकट. बायको ऐकता ऐकता कपाळाला हात लावून बसली. पोती ढकलून तिनं सीटखाली हात घातला आणि काहीतरी फिरवलं. "अहो, पेट्रोलचा नळ! रात्री निजताना मी बंद करते, घरातला गॅस करते तसा. सकाळी तुम्ही उघडत नव्हता?"

सीटखाली नळ आहे, हेच मला माहीत नव्हतं. ती वाकायची ती चपलेसाठी नव्हे!

सासरे हसून हसून फाटकाला टेकले. रात्री नळ बंद करायला त्यांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. नळीत उरलेल्या थेंबावर ट्रक मिनिटभर चालायचाच, म्हणाले. मग डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. "ट्रक इथंच राहील. चावी मात्र हिच्याकडं."

मला इतका आनंद झाला की मी साडूंनाही मिठी मारली. तेव्हापासून ट्रक एकदाही बंद पडलेला नाही. बायको चालवते, मी शेजारी बसतो, पोत्यांच्या जागी. माझ्या वजनाचाही थोडा उपयोग होत असेल, असं मला अजून वाटतं.

परवा मी वाटेत पान आणायला उतरलो. ट्रक माझ्याशिवायच निघून गेला आणि व्यवस्थित घरी पोचला.