रांग मोडणारी प्रथिने

स्वीडनमध्ये रांग मोडणे हा गुन्हा नव्हे. गुन्ह्याला निदान माफी असते. औषधाचे दुकान असो की चीजचे, आत शिरताच यंत्रातून नंबराची चिठ्ठी ओढायची आणि गप्प बसायचे. दुकानात दुसरे कोणी नसले तरी ओढायची.

या शिस्तीला तडा गेला तो सिक्स्टन हॉलक्विस्ट यांच्या पोटातल्या किडनीमुळे. ती मूळची त्यांच्या थोरल्या बहिणीची, गुनव्होरची.

शरीरातल्या पहारेकऱ्यांना परका कोणी दिसला की ते एकमेकांना हाका मारतात. या हाका म्हणजे छोटी छोटी प्रथिने. किडनीभोवती आरडाओरडा वाढला की ती लघवीत सापडतात. रक्तातले क्रिएटिनिन वाढते ते नंतर, किडनी बिघडून कचरा साचल्यावर. आधी हाका, मग ढिगारा.

सिक्स्टनच्या लघवीत हाकांचा गोंगाट होता. डॉक्टर हेडविगने विभागाच्या बैठकीत सांगितले, "शरीर किडनी नाकारतंय. आत्ताच तिचा कण काढून तपासू, औषध वाढवू. किडनी वाचेल."

विभागप्रमुख टोर्स्टेन यांनी नियमावली चाळली. "इथे पहिला नंबर क्रिएटिनिनचा आहे. ते अजून आलेलं नाही. प्रथिनं मध्येच घुसली आहेत."

"अहो, ते येईल तोवर उशीर झालेला असेल!"

"उशीर होईल, मान्य. पण अन्याय होणार नाही," असे म्हणत टोर्स्टेननी दालचिनीच्या पावांची बशी पुढे सरकवली. थांबण्याचा ठराव हेडविग वगळता एकमताने झाला. मग जुलै लागला आणि विभाग आपापल्या बेटांवर सुट्टीला गेला. सुट्टी संपेपर्यंत प्रथिनांना शांत ठेवावे, असे सिक्स्टनना कळवण्यात आले.

गुनव्होर भडकली. "अरे, सांभाळता येत नसेल तर परत दे माझी किडनी!"

"ताई, परत करायचीही रांग आहे."

तिने भावाचे मनगट धरले आणि थेट रुग्णालयाची खिडकी गाठली. "माझ्या भावाची किडनी मरतेय!"

"चिठ्ठी?" खिडकीतून प्रश्न आला.

गुनव्होर बाकाकडे वळली. "तुमच्यापैकी कोणी याला पुढे जाऊ द्याल?"

बाक हळहळला. कानातला मळ काढायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "फार वाईट वाटलं हो. पण नियम सगळ्यांना सारखा, नाही का?" आपली चिठ्ठी मात्र त्यांनी मुठीत घट्ट धरली.

तेव्हा गुनव्होर सरळ दार ढकलून आत घुसली. रुग्णालय हादरले. किडनीसाठी जी बैठक ऑगस्टपर्यंत होणार नव्हती, ती रांग मोडल्याच्या चौकशीसाठी त्याच दुपारी भरली. टोर्स्टेन बेटावरून होडीने, रबरी बुटांतच आले. सगळे जमलेच आहेत म्हणून हेडविगने सिक्स्टनचे रक्त तपासून घेतले. क्रिएटिनिन येऊन पोहोचले होते.

"अभिनंदन!" टोर्स्टेननी सिक्स्टनचा हात हातात घेतला. "आता लागला तुमचा नंबर."

उपचार उत्तम झाले. अर्धी किडनी वाचली. गुनव्होरला सक्त ताकीद मिळाली.

बाकावरच्या त्या मंडळींना ही हकिकत ऐकवली की ती आजही चुकचुकतात. "छे, काय माणसं असतात! आम्ही तिथे असतो तर उठून जागा दिली असती."

वाचता वाचता आत्ता तुम्ही मनात म्हणालात ना, अगदी तसेच.